चौथं इंजेक्शन झालं, तरी मुडदूस का जात नाही?

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली ही आई. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा मुलगा आठ महिन्यांचा. मुलगी उशिरा चालायला लागली आणि चालायला लागल्यापासून तिचे पाय धनुकलीसारखे वाकलेत, डुलत डुलत चालते, उंचीलाही मागे आहे. एक्सरे काढला तर रिपोर्टात 'रिकेट्स' म्हणजे मुडदूस असं आलं. गेल्या दोन वर्षांत व्हिटॅमिन डीची सहा-सहा लाख युनिटची चार इंजेक्शनं झाली, वर दर आठवड्याला सॅशे, शिवाय सासूबाईंचं मालीश, कोवळं ऊन, नाचणीचं सत्त्व, सगळं करून झालं पण पाय होते तसेच. मध्ये एकदा हिरडीला पूचा फोड आला, दात मात्र किडलेला नव्हता. जवळच्या शहरातले हाडांचे डॉक्टर म्हणतात हाड कापून सरळ करून घ्या. पुण्यातल्या लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर म्हणतात, हा साधा मुडदूस नाही, घराण्यातून आलेला असावा, आणखी रक्त आणि लघवी तपासू. नवरा म्हणतो दोन डॉक्टर दोन तोंडं, सासूबाई म्हणतात आईच्या दुधातच कस नव्हता, अजून एक इंजेक्शन देऊन बघा. आई विचारते, कुणाचं ऐकू, आणि चूक माझी आहे का? ताजा कलम म्हणून एक ओळ: "माझे वडील बुटके, पाय वाकडे. आम्ही तिघी बहिणीही बुटक्याच, दोघं भाऊ मात्र चांगले उंच आहेत, म्हणून आमच्याकडे ही ठेवणच आहे असं सगळे म्हणतात."

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालेल ना. तुझं पत्र वाचत वाचत मी त्या ताज्या कलमापर्यंत आले आणि थांबले, आणि मग सगळं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. तुला वाटलं असेल ही जाता जाता लिहिलेली ओळ आहे, पण सगळ्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक ती तू अजून कुठल्याच डॉक्टरांना सांगितलेली नाहीस. तिच्याकडे येतेच, आधी एक्सरे बघू.

तू फिल्म खिडकीच्या काचेवर धरून मोबाईलवर फोटो काढलायस, मागे पेरूचं झाड दिसतंय, तरी गुडघे बऱ्यापैकी स्पष्ट आलेत. अशा फोटोवरून मी निदान करणार नाही, कुणीच करू नये, पण काय बघायचं असतं ते सांगते म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टर काय म्हणतायत ते तुला कळेल. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी एक कूर्चेची पट्टी असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं. कूर्चा एक्सरेत दिसत नाही म्हणून तिथे बारीकशी काळी फट दिसते आणि त्या फटीला लागून हाडाची जी कड असते ती कशी, खडूने रेघ ओढल्यासारखी स्वच्छ पांढरी हवी. तुझ्या लेकीच्या फोटोत ती रेघच नाहीये. फट रुंद झालीये, हाडाचं टोक बाहेर पसरलंय आणि बशीसारखं खोलगट झालंय, आणि कड कशी तर जुन्या झिजलेल्या खराट्यासारखी, विस्कटलेली. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नळीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने तर जास्तच. मनगटाचा फोटो तू पाठवलायस त्यात हेच आहे पण त्या मानाने कमी.

आता याला रिकेट्स म्हणतात हे बरोबरच आहे. गडबड पुढे होते. रिपोर्टात 'रिकेट्स' वाचलं की डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे धरून चालतात की व्हिटॅमिन डी कमी, आणि आपल्याकडे बहुतेक मुलांत ते खरंही असतं, त्यामुळे पहिलं इंजेक्शन देणारे डॉक्टर चुकले असं मी अजिबात म्हणणार नाही. पण एक्सरे एवढंच सांगतो की नव्या हाडात क्षार भरले जात नाहीयेत. का भरले जात नाहीयेत ते एक्सरे सांगत नाही. मी एक्सरे वाचणारी डॉक्टर, मीसुद्धा कित्येक वर्षं रिपोर्टात 'रिकेट्स' एवढा शब्द लिहून पुढच्या फिल्मकडे वळायचे, त्याचं आज मला फार वाईट वाटतं, कारण त्या शब्दापाशी थांबल्यामुळे अशी काही मुलं वर्षानुवर्षं नुसती डीची इंजेक्शनं घेत राहिली असणार.

हाडाला कॅल्शियम लागतं तसंच फॉस्फेटही लागतं. घर बांधताना सिमेंट आणि वाळू दोन्ही लागतात ना, तसं. तुम्ही सिमेंटच्या गोण्यांवर गोण्या आणून टाकताय पण वाळू रोज रात्री मागच्या दाराने कुणीतरी घेऊन जातंय, मग भिंत उभी राहणार कशी? पुण्याच्या डॉक्टरांना ज्या आजाराची शंका आहे (मलाही तीच आहे) त्यात हेच होतं. त्याचं नाव एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया, डॉक्टर लोक एक्सएलएच म्हणतात. साधारण वीस हजारात एकाला असतो. फेक्स (PHEX) नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे हाडांमधून एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन जरुरीपेक्षा जास्त सुटतं आणि ते किडनीला सांगत राहतं की फॉस्फेट टाकून दे, लघवीवाटे टाकून दे. वर तेच हार्मोन साध्या व्हिटॅमिन डीचं कामाच्या डीमध्ये रूपांतरही नीट होऊ देत नाही. म्हणून डी कितीही दिलं तरी उपयोग शून्य. १९३७ सालीच अमेरिकेत फुलर अल्ब्राइट नावाच्या डॉक्टरांनी असा डीला दाद न देणारा मुडदूस लिहून ठेवला होता, जीन सापडायला मात्र १९९५ उजाडलं.

साध्या मुडदुसात डीचा पूर्ण डोस दिला की तीन-चार आठवड्यांत पुन्हा एक्सरे काढला तर त्या विस्कटलेल्या कडेला पांढरी रेघ धरायला लागते, बघताना इतकं बरं वाटतं ती रेघ. इंजेक्शननंतर ती रेघ आलीच नाही, तर तिथेच थांबून फॉस्फरस बघायला हवा. तुझ्या लेकीचे दोन वर्षांतले तीन एक्सरे तू पाठवलेस आणि तिन्हीत ती रेघ नाही. आणखी एक, साध्या मुडदुसात हाडं बऱ्याचदा एकूणच फिकट दिसतात, इथे हाडांचा पांढरेपणा चांगला आहे, मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत उलट जाडच वाटतेय, वजन पेलणारे पाय जास्त बिघडलेत आणि मनगटं कमी. या सगळ्या खुणा एक्सएलएचकडे बोट दाखवतात. पण बोटच दाखवतात, शिक्का मारत नाहीत, शिक्का रक्त आणि लघवी मारते.

आता तू पाठवलेला रक्ताचा कागद. कॅल्शियम ९.४, ठीक. व्हिटॅमिन डी ६८, म्हणजे भरपूर. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे मुडदुसात रक्तात वाढणारं एन्झाइम, खूप वाढलेलं. आणि फॉस्फरस २.६, त्याच्यापुढे लॅबने छापलंय २.५ ते ४.५ नॉर्मल, म्हणून त्याला ठळकही केलेलं नाही आणि कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. अगं, ती मोठ्या माणसांची रेंज आहे! साडेचार वर्षांच्या मुलीचा फॉस्फरस साधारण चारच्या वर असायला हवा. हा एक आकडा तुझ्याकडे कपाटात पडून होता. हे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनाही सांगते, मुलाला मुडदूस आहे म्हणाले की कागदावर फॉस्फरस शोधा, केलेलाच नसेल तर करून घ्या, आणि लॅबची छापील रेंज न बघता डॉक्टरांना विचारा की या वयाला किती हवा.

आता राहिलेल्या तपासण्या, ज्या तुझ्या नवऱ्याला उगाचचा खर्च वाटतायत. त्यातली एक पॅराथायरॉइड हार्मोनची (गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), कारण कॅल्शियम किंवा डी कमी पडून झालेल्या मुडदुसातही फॉस्फरस उतरू शकतो, पण तिथे हे हार्मोन खूप चढलेलं असतं, इथे नॉर्मल नाहीतर जरासंच वर असतं. दुसरी म्हणजे सकाळी उपाशीपोटी रक्त आणि लघवी एकाच वेळी देऊन किडनी फॉस्फेट किती गाळतेय ते काढायचं, शिवाय लघवीत साखर वगैरे जातेय का आणि रक्तात आम्ल वाढलंय का ते बघायचं, कारण किडनीचे दुसरेही काही आजार हुबेहूब असाच एक्सरे देतात. आणि तिसरी माझ्याकडून जास्तीची, किडनीची सोनोग्राफी. चार वेळा सहा लाख म्हणजे चोवीस लाख युनिट आणि वर सॅशे, एवढ्या डीने रक्तात कॅल्शियम वाढून किडनीत साचू शकतं. आज कॅल्शियम नॉर्मल आहे ही चांगली गोष्ट आहे, पण पाचवं इंजेक्शन डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय अजिबात नाही, सासूबाई रागावल्या तरी नाही. मुलीला उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान, फार लघवी असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. जीनची तपासणी पण असते, झाली तर छानच, पण घरात इतका स्पष्ट इतिहास आणि रक्त-लघवी जुळत असेल तर तिच्यासाठी औषध अडवून ठेवायचं कारण नाही.

तो हिरडीचा फोड. तुला सगळे म्हणाले चॉकलेटं खाते म्हणून झाला. या आजारात दाताचा आतला थर कच्चा राहतो, बाहेरून कीड नसतानाही आत जंतू शिरतात आणि फोड येतो. दाताच्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगून ठेव.

ऑपरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. आज हाड कापून सरळ केलं आणि फॉस्फेट तसंच वाहत राहिलं तर नवीन हाडही मऊच येणार आणि परत वाकणार, मग परत ऑपरेशन. आधी निदान वर्षभर औषध व्यवस्थित द्यायचं, लहान वयात सुरू झालं तर बरेच पाय नुसत्या औषधावरही हळूहळू सुधारतात. राहिलंच वाकडेपण तर वाढीच्या पट्टीपाशी छोट्या प्लेटा बसवून वाढीलाच वळण द्यायचं, हाड न कापता, हे पुढे वाढ शिल्लक असताना करता येतं. त्यामुळे नवऱ्याला सांग की दोन डॉक्टर दोन तोंडं नाहीयेत, एक जण वाकलेल्या हाडाबद्दल बोलतायत आणि एक जण ते वाकतंय कशाने त्याबद्दल. हाडांच्या डॉक्टरांना सोडू नकोस, त्यांना पुण्याचे कागद दाखव, पुढे ते लागणारच आहेत.

औषध म्हणजे फॉस्फेट, तोंडाने, दिवसातून चार ते सहा वेळा, आणि सोबत तयार व्हिटॅमिन डी म्हणजे कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, जे किडनीने बदलून घ्यायची गरज नसते. फॉस्फेट आपल्याकडे बरेचदा जूलीज सोल्युशन म्हणून बाटलीतून देतात. चव वाईट, पोट बिघडतं, एकदम जास्त दिलं तर जुलाब होतात, म्हणून थोडं थोडं वाटून द्यायचं, आणि दुधाबरोबर द्यायचं नाही कारण दुधातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. हे वर्षानुवर्षं चालतं, निदान वाढ पूर्ण होईपर्यंत तरी. मी तुला सोपं आहे असं सांगणार नाही, दुपारचा डोस बालवाडीत कोण देणार इथपासून प्रश्न आहेत, बाईंशी आधीच बोलून घे, छोट्या बाटलीत मापून दे आणि वर वेळ लिही. आणि फॉस्फरसचा आकडा नॉर्मल आला नाही म्हणून हबकू नकोस, तो बहुतेक वेळा येतच नाही, बघायचं काय तर अल्कलाइन फॉस्फटेज उतरतंय का, उंची वाढतेय का, पाय आणि एक्सरेतली ती रेघ. डोस मनाने वाढवायचा तर मुळीच नाही, जास्त झालं तर पॅराथायरॉइड बिघडतं आणि किडनीत क्षार साचतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी रक्त-लघवी आणि अधूनमधून सोनोग्राफी.

२०१८ पासून युरोप-अमेरिकेत बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन मिळतं, मुलांना दर दोन आठवड्यांनी, ते त्या जास्तीच्या हार्मोनलाच धरून ठेवतं आणि एक्सरेतला फरक खरोखर चांगला दिसतो. पण ते इतकं महाग आहे की आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्यात नाही. तरी दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे, त्यातलं एक केंद्र मुंबईला केईएममध्ये आहे, निदान पक्कं झालं की तिथे एकदा दाखवून काय मदत मिळू शकते ते विचारून घ्यायला हरकत नाही. त्या इंजेक्शनची वाट बघत बाटलीतलं औषध थांबवू नकोस एवढंच.

आता तुझी ती ओळ. हा बिघाड एक्स क्रोमोसोमवर असतो. बापाकडे एकच एक्स, तो तो सगळ्या मुलींना देतो आणि मुलांना वाय देतो, म्हणजे बापाला हा आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुलींना येणार आणि एकाही मुलाला त्याच्याकडून येणार नाही. परत वाच तू काय लिहिलंयस: तिघी बहिणी बुटक्या, दोघं भाऊ उंच. तुम्ही ज्याला ठेवण म्हणता ते इतकं नेमकं बसतंय की पुण्याच्या डॉक्टरांनी हे ऐकलं तर त्यांचं निम्मं काम होईल. (ज्यांच्या घरात असं कुणीच नाही त्यांनी मात्र निश्चिंत होऊ नये, काही मुलांत हा बिघाड नव्यानेच होतो.)

आणि आईला असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. म्हणून मला सगळ्यात घाई तुझ्या बाळाची आहे. तू लिहिलंस की त्याचे पाय सरळ आहेत, गुटगुटीत आहे, काळजी नाही. अगं, तो अजून उभाच राहत नाही, पाय वाकणार कशाने? वजन पडायला लागलं की वाकतात. ताईला आला म्हणून याला येणार नाही असंही काही नसतं. आठ महिन्यांच्या बाळात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघून बरंच कळतं, फक्त बाळांचे आकडे आणखी वेगळे म्हणून बालरोगतज्ज्ञांकडूनच वाचून घ्यायचे. निघालाच तर पाय वाकायच्या आधी औषध सुरू होईल, तुझ्या लेकीला जे मिळालं नाही ते त्याला मिळेल. आठवडाभरात करून घे. आणि घाबरलेल्या दुसऱ्या आयांसाठी, दोन वर्षांपर्यंत थोडे बाहेर वाकलेले पाय नॉर्मल असतात, पुढे तीन-चार वर्षांपर्यंत ते उलट गुडघ्यात आत येतात, तेही आपोआप सुधारतं. चौथ्या-पाचव्या वर्षीही धनुष्यच असेल, एकच पाय जास्त वाकत असेल किंवा उंची खुंटली असेल तर मात्र एक्सरे काढायचा.

तू स्वतः. चार फूट सात इंच उंची, वाकलेले पाय, आणि धाकट्याच्या वेळेपासून डाव्या मांडीत खोल दुखतं, चढ चढताना जास्त, ते तू बाळंतपणाचं दुखणं म्हणून सोडून दिलंयस. मोठ्या माणसांत याच आजाराने मांडीच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, एक्सरेत आडवी काळी रेघ दिसते. मुलांबरोबर तुझंही रक्त दे आणि दोन्ही मांड्यांचा एक्सरे काढ, बाळ पोटात नाही ना एवढं आधी बघून. निदान झालं तर अपंगत्वाच्या दाखल्याचंही विचार, २०१६ च्या कायद्यात आजारामुळे ज्यांची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली त्यांचा समावेश आहे. संकोच वाटेल, पण तुझा हक्क आहे तो.

दुधाचं म्हणशील तर तुझ्या दुधात काही कमी नव्हतं. दूध, नाचणी, ऊन यातल्या कशानेही हे झालं नाही आणि यातल्या कशानेही हे जाणार नव्हतं. सासूबाईंना मात्र माझ्या या उत्तरातून सुनावू नकोस, दोन वर्षं त्यांनी रोज नातीचे पाय चोळलेत, ते प्रेमच आहे. त्यांना डॉक्टरांकडे सोबत ने आणि फॉस्फरसचा आकडा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे, आणि दुपारचा डोस त्यांच्याकडे सोपव. माहेरून आलं हे कळलं तर बोलतील याची तुला भीती आहे, बोलतीलही काही दिवस, पण ते लपवलं तर बाळाची तपासणीही लपवावी लागेल, आणि हे तुला परवडणारं नाही. तुझ्या दोन्ही बहिणींना मात्र आजच सांग, त्यांच्या मुलांनाही निम्मी शक्यता आहे. भावांना काळजी नाही, त्यांच्या मुलांकडे हे तुमच्या घरातून जात नाही.

पुण्याला जाताना तिन्ही एक्सरे तारखेने लावून ने, इंजेक्शनच्या चारही चिठ्ठ्या ने. आणि त्याआधी संध्याकाळी वडिलांना फोन कर. त्यांचा एक्स त्यांच्या आईकडून आला, म्हणून तुझी आजी कशी चालायची, उंचीला केवढी होती, तिच्या तोंडात दात किती वयापर्यंत होते ते विचार, तिच्या बहिणींचं आठवत असेल तर तेही. ते काय सांगतात ते कागदावर लिहून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव.